स्टुलावरनं दिसती ती पायरी

न्हाय हो पावणं, अव्वा आता बसत न्हाईत हितं. हीच की ती पायरी, बरोबर वळखलासा — समोरच्या दुकानाचं शटर पण तेच, फोटोतलं — पण अव्वा न्हाईत. गणपतीच्या आधीपास्नंच बंद झाल्यात यायच्या. तुम्ही साताऱ्यास्नं एवढ्यासाठी आलासा? पिशवीत काय, साडी? आणि शाल पण. ठेवा की काउंटरवर, झेरॉक्सच्या मशीनवर नको, तापलंय ते. न्हाय, घरचा पत्ता मी द्यायचो न्हाय, राग मानू नका. तुमच्या आधी पण आलते लोक. एकजण तर बायकापोरांसकट आलता, म्हणाला, आजीला पोटभर जेवायला घालायचंय. आता काय सांगायचं त्याला — जी बाई ह्या गल्लीला भाकऱ्या खायला घालत होती, तिला हा जेवायला घालणार.

काय लिहिलंय तुमच्या मोबाईलात? वाचा, वाचा. 'तीन मुलं, तीन घरं, तरी आई रस्त्यावर.' हां. तीन कुठली हो, एकच हाय. श्रीशैल. वारणानगरकडं एका कॉलेजात शिकवतो. रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी आईला स्कूटरवरनं सोडायचा, भाकऱ्यांची बुट्टी स्वतः उतरवायचा, पायरी पुसून घोंगडं अंथरायचा, मग जायचा. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, पापडागत मोडणाऱ्या, आणि शेंगाची चटणी. भाकऱ्या थापायची सून, दानेश्वरी वैनी, पहाटे उठून. गरज? कसली गरज. आमच्यात — आम्ही लिंगायत, अव्वा पण आमच्यातल्याच — आमच्यात कायक म्हणत्यात. हातपाय चालत्यात तवर आपलं काम सोडायचं न्हाय, देव असला तर त्यातच असतोय. श्रीशैलनं दहादा सांगून बघितलं, आई बस की आता घरात. अव्वा म्हणायची, घरात बसून भिंतीशी बोलू? हितं तिला सगळं मिळायचं. क्लासला जाणाऱ्या पोरी, रिक्षावाले, दवाखान्यात आलेले पेशंट, सगळ्यांची चौकशी. माझ्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि अव्वाकडं जास्त, असं चालायचं.

रडत्यात म्हणता? कुठं रडत्यात. अहो, चटणी ती. पुडी बांधता बांधता बोट डोळ्याला लागलं, डोळ्यांतनं धार. पदरानं पुसलं आणि लगेच हसली की — माझीच चटणी मला झोंबली, म्हणाली — ते हसणं तर असलं भारी आलंय, रंगीत, दातांतली फट दिसती, आणि ऊन बरोबर गालावर — म्हंजे, आलं असंल. कुणी काढलं असंल तर आलं असंल.

असं का बघताय माझ्याकडं.

बसा जरा. चहा सांगतो. खुर्चीवर नको, आत या, माझ्या स्टुलावर बसा. बसा की, कोण काय म्हणत न्हाय. आता मोबाईल धरा समोर आणि पायरीकडं बघा. दिसतंय? चौकटीची कड डाव्या हाताला, मागं निळं शटर, वर तारेवरचं फडकं. पायरी अशी दुसऱ्या कुठनं दिसत न्हाय. रस्त्यावरनं न्हाय, फुटपाथवरनं न्हाय. ह्या स्टुलावरनंच.

व्हय. मीच. 'पायरीवरची माणसं' ते मोबाईलातलं पान माझंच हाय. नाव घातलं न्हाय कुठं.

हौस हो, दुसरं काय. पासपोर्ट फोटो काढून काढून जीव कंटाळला — सरळ बघा, कान दिसू देत, हसायचं न्हाय. सगळी माणसं एकसारखी. म्हणून कॅमेरा घेतला आणि रविवारी रंकाळ्यावर जायला लागलो. सूर्य बुडताना, बगळे, पाण्यातलं आभाळ. टाकायचो. बायको, आमची प्रियदर्शनी, लाईक करायची, मेव्हणा करायचा. मेव्हणा पण विसरायचा कधी कधी. मग एकदा मार्केट यार्डातल्या हमालाचा फोटो टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या, जरा तिखटमीठ लावून — आणि ते असलं पळालं म्हणता, कुठल्या कुठल्या गावची माणसं. तवा मला कळलं, लोकांना बगळा नको. लोकांना डोळ्यांत पाणी पायजे. मग काय, मी पाणी काढायला लागलो. अव्वाचा फोटो काळापांढरा केला. एका पोराची तीन केली. तीन का? एक म्हटलं की लोक म्हणत्यात असंल बिचाऱ्याची काय अडचण. तीन म्हटलं की चीड येती. हे मी विचार करून लिहिलंय, पावणं, ह्याच स्टुलावर बसून, आणि अव्वा तिथं पायरीवर बसलेली. मधी मला हाक मारून भाकरी पण दिली. खाल्ली की मी.

नाव कुठं लिहिलं न्हवतं, पण कोल्हापुरात माणूस वळखायला नाव कशाला लागतंय. श्रीशैलच्या कॉलेजात कुणीतरी फोटो फिरवला. लोकांनी त्याला बोललं ते बोललं, पण सुनंला तर सोलून काढलं. भाकऱ्या थापणाऱ्या त्या बाईला लोकांनी काय काय म्हटलंय ते मी वाचलंय. एकूणएक वाचलंय. आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकून 'धन्यवाद' म्हटलंय. खोटं कशाला बोलू, आकडा चढत होता, बरं वाटत होतं. आता एक हॉटेलवाला मागं लागलाय, आमचा तांबडा-पांढरा टाका म्हणून. शाकाहारी माणूस मी, पण व्हय म्हणालोय.

मग श्रीशैल आला. हितं, तुमची पिशवी हाय तिथं हात टेकून उभा राह्यला. म्हणाला, वीरेश, तुझ्या दारातला फोटो हाय, कोण आलतं का रं कॅमेरा घेऊन? मी म्हणालो, टूरिस्ट असतील, अंबाबाईला येत्यात तसले. तोंडातनं कसं निघालं बघा, न अडखळता. सापडला तर सांग, म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापास्नं अव्वा घरात. तिला सांगितलंय की गुडघ्यासाठी डॉक्टरनी बसू नको म्हटलंय. खरं कसं सांगणार, तुझ्या नावानं जगानं आमच्या तोंडात शेण घातलं म्हणून? आता ती गॅलरीत बसून खाली जाणाऱ्या माणसांना हाका मारती. तिसऱ्या मजल्यावरनं कुणाला ऐकू येतंय.

काढून टाक म्हणता. सोपं हाय की. 'हे सगळं खोटं होतं, माफ करा' असं लिहून पण ठेवलंय मोबाईलात. बोट तिथं जातंय आणि माघारी येतंय. घाबरतोय, दुसरं काय.

आणि खरी गंमत पुढं हाय. गंमत न्हवं, काय म्हणायचं त्याला — अव्वाला फोटो लई आवडलाय. तिला मराठी बोलाय येतं, वाचाय येत न्हाय, कन्नड शाळेतली ती. नातीनं, रक्षितानं, मोबाईलवर नुसता फोटो दाखवला, खालचं वाचून दाखवलं न्हाय. मी परवा भेटायला गेलतो — न्हाय गेलो तर संशय येणार — तर मला जवळ बोलवून हळूच म्हणती, वीरेशा, तूच काढलास न्हवं? ती पायरी तुझ्या स्टुलावरनंच अशी दिसती. छलो बंदैती, म्हणाली. छान आलाय. मला मोठा करून दे, काच लावून, मी गेल्यावर हाच भिंतीवर लावायचा. आणि माझ्या तोंडावरनं हात फिरवला. मी म्हटलं, अव्वा, एवढ्यात कुणाला सांगू नको. हसली. लाजतोय वाटलं तिला.

ते बघा, पेपरात बांधून ठेवलंय, तेच. पण मी तो रडका न्हाय केला. झालं न्हाय माझ्याच्यानं. हसतानाचा केला, रंगीत. हार घालायचाच तर हसऱ्या तोंडाला घालावा. आणि सुतळी बांधल्यावर डोक्यात उजेड पडला — हा फोटो मी कुठंच टाकलेला न्हाय. तीच साडी, तोच पदर, तेच शटर. हा ज्याच्याकडं हाय, तो रडका पण त्यानंच काढलाय, हे शेंबडं पोरगं पण सांगंल. द्यावं तर घरात कळतंय, न द्यावं तर अव्वा वाट बघती. तिनं सुनंला एवढंच सांगितलंय, वीरेशकडनं माझी वस्तू आण. आज येणार हाईत न्यायला. तुम्ही आलासा तवा मला वाटलं, आल्याच वैनी.

सांगून टाकू म्हणता, तोंडानं. त्यांनी बघायच्या आधी. व्हय, आज सांगतोच. तुम्ही हाईसा तवर सांगतो, म्हंजे पळता यायचं न्हाय मला. तुम्ही नुसतं बसा. पहिलं वाक्य कसं सुरू करायचं तेवढंच बघतोय, वैनी, तो फोटो — न्हाय, असं न्हवं — वैनी, माझी एक चूक —

या वैनी. या, या. न्हाय हो, कसली गडबड, रिकामाच हाय. तयार हाय की, बांधून ठेवलंय. आणि हे काय? भाकऱ्या? अव्वानी पाठवल्या? कशाला उगंच — बरं, ठेवा. हे? न्हाय, वळखीचे न्हाईत. आधारची झेरॉक्स काढायला आलते. झालं न्हवं पावणं तुमचं? मग या आता. उठा की. पिशवी राहिली बघा, ती घेऊन जा.

हे घ्या वैनी, संभाळून, काच हाय. हितं नका उघडू, घरी अव्वांच्या हातात द्या, त्यास्नीच उघडू दे. सुतळी घट्ट हाय हो, सुटायची न्हाय. कात्री? कात्री न्हाय माझ्याकडं. वैनी, फाडू नका, ऐका की जरा, मला तुमास्नी एक —

वैनी.