कार्डातली आक्का

आता मला सांगा, मेमरी कार्डाला कुंकू कोण लावतं? आमच्या आईने लावलं! आणि नुसतं कुंकू नाही, हळदसुद्धा... कारण काय, तर आत आक्का आहे! मी काय बोलणार?

आक्का म्हणजे बाबांची आत्या. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले लागतात ना, ते अख्ख्या शेलार गावात तीच गायची. दिवाळीत गेली. उद्या माझ्या ताईची हळद, आणि आमच्याकडे धवल्याशिवाय हळद लागत नाही! तेवढ्यात देवेशदादाला आठवलं, मागच्या वर्षी त्याने मोबाइलवर आक्काचं गाणं भरून घेतलं होतं. मोबाइल खाडीत पडून मेला, हे नखाएवढं कार्ड तेवढं वाचलं.

तर तुम्हाला सांगते, रीडरमध्ये कार्ड घातलं, कॉम्प्युटर ‘टडिंग’ असा वाजला, आणि आईने पदर डोक्यावर घेतला! “आली!” पडद्यावर काय? कार्ड फॉरमॅट करायचं का? देवेशदादा म्हणतो, “हो दाब ना, कवापासून इचारतंय बिचारं.” अहो, हो दाबलं तर आक्का दुसऱ्यांदा जाणार! मी ओरडले, “न्हाय!” कॉम्प्युटर सोडून सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मग मी कार्ड काढून सोनेरी पट्ट्यांवरचं कुंकू खोडरबराने घासलं. आई कळवळली, “हळू गं, लागंल तिला!” मी काय बोलणार?

परत घातलं. स्पीकरमधून आधी शेजारच्या यंत्रमागाची खडखड... आणि त्यातून खोकला. आक्काचा! बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. आक्काने दोन ओळी म्हटल्या, तिसरीला दम लागला. म्हणाली, “भाविका, पुढचं तू धर गं. भांडी घासताना म्हणतेस, मला ऐकू येतं.” आणि मग... काही नाही. नुसता श्वास. मागच्या वर्षी भरून घेताना मी लाजून गप्प बसले होते, तर ते गप्प बसणंसुद्धा भरलं गेलंय हो! “म्हण की गं...” पुन्हा श्वास. आई माझ्या कानाशी कुजबुजली, “अगं, ती थांबलीय.”

आता मेलेल्या माणसाला किती ताटकळत ठेवायचं? धरली मी तिसरी ओळ, डोळे मिटून, आणि शेवटपर्यंत नेली. आणि आतून आक्का म्हणाली, “बरं, मग पाणी तरी दे.” आई धावली! भरलेला तांब्या आणून मॉनिटरसमोर ठेवला!

बाबांनी डोळे पुसले. “कार्ड राहू दे,” म्हणाले, “पोरीला येतंय.” मी काय बोलणार? बाहेर मंडपात माईकवाला स्टँड माझ्या उंचीचा करतोय.