अस्तर लावू नये

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या संग्रहालयाचे संचालक, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, जतन विभागातले सर्व सहकारी, आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो आहोत त्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी चित्रकार नाही, वक्ता तर नाहीच. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात एकतीस वर्षं काढली. पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यापुढे भाषण करावं लागत नाही. आज मला 'चित्राचे मालक' म्हणून बोलावलं आहे. चित्र माझ्या पत्नीचं. तिला जाऊन दीड वर्ष झालं. बाईंच्या हातातलं शेवटचं काम म्हणजे तेच चित्र, आणि ते अर्धवट पडून आहे. का पडून आहे ते संचालकांना ठाऊक आहे, बाईंना ठाऊक आहे. बाकीच्यांना मी सांगतो. मी बाईंविरुद्ध लेखी तक्रार केली, म्हणून काम थांबलं. बाईंची नोकरी आज संध्याकाळी संपते. त्यापूर्वी मला माझं म्हणणं सांगायचं आहे.

निरोपाच्या कार्यक्रमात हे बोलू नये, कळतं मला. पण क्रमाने सांगू द्या, नाहीतर माझा गोंधळ होईल. तसा तो झालेलाच आहे.

आमच्या बैठकीच्या खोलीत पत्नीने काढलेलं ते खिडकीचं चित्र होतं. खिडकी, बाहेर भिंत, भिंतीवर ऊन. मागून खाकी कागद चिकटवलेला. धूळ पुसायला ती स्वतःच चित्र उतरवायची. मी हात पुढे केला की म्हणायची, "अहो, तुम्ही नका काढू, खिळा सैल आहे." एकोणीस वर्षं मी त्या खिळ्याचा मान राखला. ती गेल्यावर मी चित्र उतरवायला गेलो. खिळा सैल असणार म्हणून अगदी हलक्या हाताने धरलं. खिळा कसला सैल, भिंतीतून हलेना. दोरी अडकली, चित्र हातातून सुटलं आणि खुर्चीच्या कोपऱ्यावर पडून वीतभर फाटलं. ते मी इथे बाईंकडे दुरुस्तीला आणून दिलं.

बाईंनी मागचा कागद काढला आणि मला फोन केला. म्हणाल्या, "मागेही चित्र आहे. या, बघून जा."

मागे एक माणूस बसला होता. आपल्याकडे पाठ करून. खुर्ची आमचीच, लग्नानंतर घेतलेली, तिचा एक मोडका हात दोरीने बांधून घेतलेला. शर्ट निळ्या रेघांचा. असा शर्ट माझ्याकडे कधी नव्हता.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचेच खांदे आहेत."

मेहुणी म्हणाली, "खांदे असतील. पण भावजी, एवढे केस तुम्हाला लग्नातसुद्धा नव्हते."

"मावशी, आईने घातले असतील थोडे. माया केली असेल."

दोघी हसल्या. मीही हसलो. घरी येऊन त्या खुर्चीत मात्र बसवेना.

आता फाटलेल्या कॅनव्हासचा सोपा उपाय असा, की मागून नवं कापड सरसाने चिकटवायचं. त्याला अस्तर म्हणतात. खिडकी वाचते, मागचा माणूस कायमचा झाकला जातो. दुसरा उपाय म्हणजे भिंगाखाली तुटलेला एकेक धागा जोडत बसायचं. बाईंनी दोन्ही समजावून सांगितले. मी विचार न करता अस्तराच्या फॉर्मवर सही केली. विचार न करता म्हणजे खूप विचार करून.

मग मी दर सोमवारी चौकशी करायचो. बाई म्हणायच्या, "सरस आलेला नाही." मी भांडारातला माणूस. पुरवठादाराला कसं पत्र लिहावं, ते मी त्यांना फोनवर शिकवलं. त्यांनी लिहूनही घेतलं. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच आलो. शेल्फवर डबा.

"हा कसला?"

"सरसाचा."

"कधी आला?"

"तुमच्या सहीच्या आधीपासून आहे."

"मग?"

"तुमचा राग उतरायची वाट बघत होते."

"मला राग आलेला नाही."

"मग तर आणखी थांबायला हवं."

तोवर त्यांनी एकाहत्तर धागे जोडलेही होते. मी घरी गेलो आणि तीन पानी तक्रार लिहिली. विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. इतकं नीटनेटकं पत्र मी नोकरीतही लिहिलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी पुन्हा आलो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. खिडकी खाली मऊ गादीवर पालथी होती आणि हा माणूस वर. बाईंना चित्राला हात लावायची मनाई, म्हणून त्या नुसत्या शेजारी बसल्या होत्या. मी भिंगातून पाहिलं. विचारलं, "हा धागा खिडकीचा की याचा?"

"भांडारात होतात ना? दोन खोल्यांतून जाणारा पाइप कुठल्या खोलीचा, हे पाइपाला विचारायचात का?"

मी विचारलं, "हा मी आहे का?"

"मला कापड कळतं. माणसं नाही."

"तरी अंदाज?"

"अंदाज नाही. दिसतं ते सांगते. मान तीनदा रंगवलीय. एक खरवडून दुसरी, दुसरी खरवडून तिसरी. तुमच्या पत्नीला ती मनासारखी साधत नव्हती."

तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. मी असेन, तर मी रोज तिच्यासमोर बसलेला. माझी मान तीनदा का चुकावी? दुसरा कोणी असेल, तर ती आठवून आठवून काढत होती का? आणि मी असूनही आठवूनच काढावं लागलं असेल, तर? कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. मुलीला विचारलं तर ती म्हणते, "बाबा, जेवून घ्या."

मला काही ठरवता येत नाही. पण अस्तर लावल्यावर ठरवायलाही काही उरणार नाही, एवढं मला कळलं.

म्हणून अध्यक्ष महोदय, मी तक्रार मागे घेतो. अस्तराची संमतीही मागे घेतो. आपल्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना आहे, तो मी कोरा सोडला आहे. तेवढा चालवून घ्यावा. आणि एक विनंती. राहिलेले धागे बाईंनीच जोडावेत, निवृत्तीनंतर, त्यांच्या सवडीने. मी त्यांना विचारलेलं नाही. एकट्याने विचारायचा धीर झाला नाही, म्हणून माइकवरून विचारतो आहे.

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं. त्या तीन पानांत जे चुकलं, ते पोटात घाला असं मात्र मी बाईंना म्हणणार नाही. ते त्यांनी मला तोंडावर सांगावं. मी बाहेर चहाच्या टेबलापाशी उभा असेन.

नमस्कार.