लँडचा सातबारा

अरे, रविवारी अमेरिकेहून लेकाचा फोन आला. म्हणतो, "बाबा, इथल्या थीम पार्कात त्या ड्रॅगनच्या सिनेमाचं नवं लँड येतंय म्हणे!" आता मी बदलापूरच्या शिरगावात आयुष्यभर प्लॉट विकले. मला लँड म्हणजे जमीनच. मी विचारलं, "सातबारा क्लिअर आहे ना रे?"

पोरगा असा हसला! तुमची वहिनी गेल्यापासून त्याला हसताना ऐकलंच नव्हतं. मग मीच विषय ताणला. एनए झालंय का, कुठकुठले पाळणे येणार, फेज टू कधी? प्रत्येक वेळी तो हसत म्हणे, "ऑफिशियल काही नाही, बाबा."

अर्धा तास झाला. म्हटलं, मूडमध्ये आहे, विचारून टाकू. "आणि तू कधी येतोयस बदलापूरला?"

मग म्हणाला, "ऑफिशियल काही नाही, बाबा."