माझ्या केळीतले सोंडकिडे

माझ्या केळीला औषधाचा थेंबही लागत नाही, असं तुम्हाला मी किती वेळा ऐकवलंय! आता खरं काय ते ऐका.

आगाशीच्या आमच्या वाडीत अर्धी केळी दादाची, अर्धी माझी. खोड पोखरणारा सोंडकिडा लागला, तेव्हा दादाने त्याच्या बाजूला औषध मारलं. मी म्हटलं, मला विष नको. कापलेल्या केळीचं खोड उभं चिरलं आणि तुकडे झाडांच्या बुंध्याशी पालथे टाकले. हाच सापळा; वासाने किडे त्यांच्याखाली येऊन बसतात. एवढं करून मी विरारला फ्लॅटवर परत.

दर रविवारी जाऊन तुकडे उलटायचो. खाली एक किडा दिसेल तर शपथ! झाडंही दादाच्या झाडांइतकीच ठणठणीत. मग एकदा ओसरीवर बसून मी दादाला सुनावलंच, "तुझं औषध फुकट गेलं. माझे किडे सापळा बघूनच पळाले."

वहिनीने विचारलं, "भाऊजी, सापळ्यात आलेले किडे मारतं कोण?"

"म्हणजे? मारायचे असतात?"

"नाहीतर काय! आयतं खोड खाऊन तिथेच अंडी घालतील."

"मग मारले कोणी?"

वहिनीने दादापुढे चहाचा कप ठेवला. "हा बघा तुमचा नैसर्गिक उपाय. रोज सहाला उठतो, साबणाच्या पाण्याची बादली घेऊन तुमच्या केळीत जातो, आणि आल्यावर दोन कप चहा पितो."