ईस्टरचा पाव आणि बदकांची पिल्लं

—साथ नाही? नाही कशी, डॉक्टरीणबाई, नीट बघा की. हे पिल्लू तर उभंच राहत नाही, बसल्या बसल्या सरपटतंय, पाय धनुष्यासारखे वाकलेत—आणि तुम्ही म्हणता रोग नाही, खाण्यात कमी पडलं. हळू बोला जरा, गाव्रिल फाटकापाशीच आहे. माझा नवरा, त्यानंच बोलावलं ना तुम्हाला. त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, ही साथ आहे आणि ती त्याच्या बहिणीकडनं आली. उबवायला अंडी तिनं दिली होती ना—सावेतानं, माझ्या नणंदेनं. ते ओढ्यापलीकडचं निळं घर तिचंच. इथनं तो तुम्हाला तिकडेच नेणार आहे, तिची सगळी बदकं मारायला लावायची म्हणून. रविवारी चर्चच्या अंगणात, अख्ख्या गावासमोर म्हणाला तिला, "जाणूनबुजून रोगट अंडी दिलीस." तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि गेली. मी? मी शेजारीच उभी होते. बहीणभावांच्या मधे मी काय बोलणार?

खायला घालत होते की, पोटभर. शिजवलेला मका—आम्ही खातो तीच ममालिगा, कोमट करून. —नुसता मका म्हणजे, मका काय वाईट आहे? हां, ते ऐकलंय मी, माझ्या आजीच्या हातांची कातडी सोलून निघायची, नुसत्या मक्यावर दिवस काढले त्यांनी. पण ती माणसं, ही बदकं. —पाला? पाला नव्हते घालत. बाहेर सोडायची सोय नाही, वर ससाणा घिरट्या घालतो. —यीस्ट? यीस्ट आमच्याकडे कुठलं असायला.

होतं. बरणीभर होतं. असं बघू नका माझ्याकडे. सावेतानंच आणून दिलं होतं, पिल्लं अंड्यातनं बाहेर आली तेव्हा. म्हणाली, "प्रोफिरा, बदकाचं पिल्लू म्हणजे कोंबडीचं नव्हे गं, मक्यानं त्याचं भागत नाही. रोज चिमूटभर हे घाल, नाहीतर पाय जातील." आणि बोलता बोलता माझ्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उघडलं, चाखलं, मीठ कमी आहे म्हणाली. आता तुम्हीच सांगा—या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून ही बाई माझी झाकणं उघडतेय. आणि मीठ खरंच कमी असतं, तोच तर वैताग. मी हो हो म्हटलं, आणि ते सगळं यीस्ट ईस्टरच्या गोड पावात घातलं. काय फुगला होता पाव—गाव्रिल म्हणाला, असा कधी जमला नव्हता तुला. तिच्याकडेही धाडला की मी, चांगला मोठा तुकडा.

पिल्लं लंगडायला लागली तेव्हा कळलं मला. लगेच कळलं. दुकानात यीस्ट मिळतं, नाही असं नाही, पण आणायचं म्हणजे तीच खरी ठरणार. म्हटलं, होतील आपली आपण बरी. मग गाव्रिल म्हणाला, अंडीच रोगट असतील—मी नुसती गप्प बसले. म्हणजे... नाही. ते तो बोललाच नव्हता. मीच म्हणाले आधी. ताटं विसळताना, त्याच्याकडे पाठ करून—"अंडी तुझ्या बहिणीची, मला काय माहीत." एवढंच म्हटलं. बाकीचं त्यानं मनानं वाढवलं. पण बी माझं.

म्हणून म्हणते, काहीतरी मधलं नाही का सांगता येणार? एखादा बारीकसा रोग, बदकं मारावी लागत नाहीत असा, हवेतनं येणारा. म्हणजे कुणाचाच दोष नाही. —नाही. बरं. तुमचंही बरोबरच आहे. मग जी अजून चालतायत, ती तरी वाचतील? यीस्ट पाण्यातनं द्यायचं? देईन. आणि हे—हाड वाकलं ते वाकलं. हं.

आलाच बघा तो. —गाव्रिल, गाडी नको काढूस. डॉक्टरीणबाई सावेताकडे येत नाहीत. तिच्या बदकांना काही झालेलं नाही. नाही, त्यांना नको विचारूस, मला विचार. आधी बस. बस म्हणते ना.

डॉक्टरीणबाई, ते पिल्लू ठेवा खाली, आणि निघा तुम्ही. फाटक ओढून घ्या जाताना.