दोघांच्या नावचं खातं

ऐका गं, सोडचिठ्ठी झाली तरी अफजलपूरच्या बँकेत आमच्या दोघांच्या नावचं खातं राहिलंच होतं. बंद करायला दोघंही समोर पायजेत म्हणे. मी गेले, तर हा, माझ्या दिराचा अण्णा, आधीच बाकड्यावर मांडी घालून बसलेला. जन्मात विभूतीला बोट न लावणारा माणूस, अन् आज कपाळभर विभूती!

"बँकेत असं कामून बसलाव?" मी म्हणलं.

"आटप लवकर. घरी माणसं थांबल्यात."

सही केली अन् गेला. नवरा राहिला न्हाई, तरी घाई माझ्यावरच! चिडूनच बाहेर आले, तर दिराचा फोन.

"वहिनी, झालं गेलं सोडा, शेवटचं तोंड बघायला या. अण्णा पहाटंच गेले. आंघोळ घालून, विभूती लावून, आपल्या लिंगायतांच्या रीतीनं मांडी घालून बसवलंय. तुमच्यासाठीच माणसं थांबल्यात."