ट्रॅकवर सायकलला बंदी

आमच्या बेलापूरच्या खाडीकाठी सरकारी पैशातून झक्कास वॉकिंग ट्रॅक झालाय, आणि तिथे नियम म्हणजे नियम हां! रविवारी सकाळी सायकलवर निघालो, तर मागून हॉर्न. बघतो तर वॉचमनमामा, बाईकवर.

"ओ साहेब, उतरा. ट्रॅकवर गाडी अलाऊड नाय. बोर्ड वाचला नाय काय?"

"मामा, ही साधी सायकल आहे. तुमच्या बाईकचं काय?"

"मी ड्युटीवर हाय."

प्रश्नच मिटला. मी सायकल हातात धरून पुढे, मागे मामांची बाईक फटफटत. गेट अजून लांब होतं, तेवढ्यात फटफट बंद.

"साहेब, पेट्रोल संपलं. गेटपर्यंत डबलसीट सोडता काय?"

"सोडलं असतं हो मामा. पण मी कुठे ड्युटीवर आहे?"